आजीच्या लोखंडी कपाटाची चावी हरवलीये, लॉकला ड्रिल मारलं तर चालेल का?

कोरेगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथे हत्यारं हाताळणारी बरीच माणसं आहेत म्हणून विचारतोय. आमची आजी चार महिन्यांपूर्वी गेली. गावी तिच्या खोलीत एक जुनं लोखंडी कपाट आहे, कंपनीचं नाही, तेव्हा साताऱ्यात ऑर्डर देऊन बनवून घेतलेलं, हिरवट रंगाचं, दोन माणसांनाही जागचं हलत नाही एवढं जड. चाव्यांचा जुडगा ती कायम कनवटीला लावायची, झोपताना उशीखाली. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत तो जुडगा कुठे गेला कुणालाच माहीत नाही. गाद्या उसवून झाल्या, धान्याच्या कणग्या उपसून झाल्या, देव्हाऱ्यामागे हात घालून झाले.

आता मागच्या रविवारी चुलतभावाने शहाणपणा केला, दुसऱ्या कपाटाची चावी आत जातेय म्हणून घातली आणि फिरत नाही म्हटल्यावर पकडीने फिरवली, ती मोडली आणि अर्धी आतच राहिली. म्हणजे आता खरी चावी सापडली तरी उपयोग नाही. लॉक हँडलच्या खाली आहे, रुपयाएवढं गोल, मधे नागमोडी फट. कपाटाच्या आत अजून एक छोटी तिजोरी आहे, तिला वेगळी चावी, ती पण त्याच जुडग्यात होती.

माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, भिंतीला भोकं पाडतो ते. व्हिडिओत बघितलं की लॉकच्या मधोमध भोक पाडलं की उघडतं. खरंच एवढं सोपं असतं का? कपाट मोडायचं नाहीये, आजीच्या लग्नानंतरचं पहिलं सामान आहे ते. आत कागदपत्रं आहेत, दोन-तीन भारी साड्या आहेत, आणि बँकेच्या लॉकरची चावी पण बहुतेक आतच आहे.

नाना_५८

सोपा उपाय सांगतो. कपाट भिंतीपासून ओढा, मागचा पत्रा ग्राइंडरने कापा, सगळं बाहेर काढा, मग सावकाश लॉकचं बघा. मागचं कोण बघतंय.

टूलरूमवाला

नाना, राग मानू नका पण हा सल्ला ऐकू नकोस रे बाबा पोरा. मागचा पत्रा स्पॉट वेल्डिंगने लावलेला असतो, त्याच्यावरच कपाट काटकोनात उभं असतं. तो कापला की कपाट तिरपं होणार आणि दरवाजे आयुष्यात परत नीट लागणार नाहीत. आणि दुसरं म्हणजे ग्राइंडरची ठिणगी. आत रेशमी साड्या आणि चाळीस वर्षांचे वाळलेले कागद आहेत, पत्र्याच्या आतल्या अंगाला काय धुमसतंय ते बाहेरून दिसत पण नाही. ग्राइंडर दाराबाहेरच्या टाळ्याला, कपाटाला नाही.

मी भोसरीत टूलरूमला ३१ वर्षं काढलीत, लॉक हा माझा धंदा नाही पण भोक पाडणं हा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक समजून घे, ड्रिल मारणं म्हणजे कुलूप उघडणं नाही, कुलूप मारणं. ते लॉक परत कामाला येणार नाही. म्हणून ड्रिल सगळ्यात शेवटी. आणि ड्रिल कुठे मारायचं हे लॉक कुठल्या जातीचं आहे त्यावर ठरतं. भोक बघूनच कळतं ते. गोल भोक आणि त्याच्या खाली उभी फट, म्हणजे चावीला गोल दांडा आणि टोकाला पाती, ते लिव्हरचं लॉक, म्हणजे आत चावीने उचलायच्या पट्ट्या असतात, त्या लिव्हर. तुझी आतली तिजोरी अशी असणार, पैज लावतो. नागमोडी फट आणि चपटी चावी म्हणजे पिनचं, नाहीतर पत्तीचं. तुझ्या दाराचं हे.

पिनच्या लॉकचं पोट असं असतं. बाहेरची बॉडी, तिच्यात फिरणारा पितळी बॅरल, आणि दोघांमधून आडव्या जाणाऱ्या चार-पाच पिना. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, वरून स्प्रिंग दाबतेय. बरोबर चावी घातली की सगळ्या पिनांचे जोड बॅरलच्या कडेच्या रेषेवर येतात आणि बॅरल फिरतो. चावी नसेल तर पिना त्या रेषेत आडव्या, बॅरल अडकलेला. ड्रिलचं काम एवढंच की त्या रेषेवरच्या पिना खाऊन टाकायच्या. व्हिडिओवाला मधोमध म्हणतो ते पत्तीच्या स्वस्त लॉकला चालतं, कारण तिथे पातळ पत्त्या फटीतच असतात. पिनच्या लॉकला मधोमध मारलंस तर बॅरलचं नुसतं मध्ये कोरलेलं वांगं होईल आणि पिना तशाच वर बसून हसतील.

पण ड्रिलच्या आधी तो मोडका तुकडा काढून बघ. थोडं डब्ल्यूडी-४० (अडकलेलं सोडवायचा तेलाचा स्प्रे) मार, दहा मिनिटं थांब. सुताराकडे नक्षीकामाची बारीक करवत असते ना, तिचं केसासारखं पातं, ते दाते आपल्याकडे येतील असं फटीत चावीच्या दातांच्या बाजूने सरकव आणि हळूच ओढ. तुकडा दात्यात अडकून येतो. दोन-चार वेळा करावं लागतं. चिमटा घालू नकोस, चिमट्याने तो अजून आत जातो. आला तर चावीवाल्याला बोलाव, ड्रिलचं नावच काढू नकोस.

स्मिता_ठाणे

चावीवाल्यावरून एक सांगते, प्लीज सगळ्यांनी वाचा. आमच्या सोसायटीत समोरच्या काकूंनी खालून ओरडत जाणारा "चावीवाला" वर बोलावला, कपाटाची डुप्लिकेट करायला. दोघं होते. एकाने काकूंना तेल आण, मेणबत्ती आण, रुमाल आण करत तीनदा स्वयंपाकघरात पाठवलं. मग चावी लॉकमध्ये अडकवून म्हणाला, आता चावी तापलीये, तासभर कपाटाला हात लावू नका, नाहीतर मोडेल, आम्ही चहा पिऊन येतो. तासाने चावी फिरेना. दुसऱ्या माणसाला बोलावून उघडलं तेव्हा बांगड्या आणि एक मोहनमाळ गेलेली. पोलिसात तक्रार केली तर हवालदार म्हणाले हा प्रकार जुनाच आहे, पेपरात येतं तरी लोक बोलावतात.

म्हणून दुकान असलेला माणूस बोलवा, जो उद्या पण त्याच जागी बसलेला असेल. आणि तो काम करत असताना तिथून हलू नका, तो पाणी मागो की तेल मागो. जो तुमचंच घर आहे का, आधार दाखवा असं विचारतो तो चांगला, त्याचा राग मानू नका.

कोरेगावचा_पोरगा

बाप रे. धन्यवाद स्मिताताई. टूलरूमवाले काका, करवतीचं पातं मिळवलं, पण तुकडा हलतच नाहीये. भावाने पकडीने एवढा पिळलाय की आत वाकलाय बहुतेक. साताऱ्यातल्या एका दुकानवाल्या चावीवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणाला तिजोरीची चावी घासून देतो, पण दाराच्या लॉकमध्ये लोखंड अडकलंय तर ते फोडावंच लागेल, तुम्ही फोडून ठेवा मी आतलं बघतो. म्हणजे ड्रिल आलंच. आता नीट सांगा कसं मारू.

टूलरूमवाला

ठीक आहे. मग ऐक, घाई नको.

मशीनचा हातोड्याचा मोड बंद कर. हे पहिलं. भिंतीचं बिट काढून बाजूला ठेव, ते टोकाला चपट्या चोचीचं असतं ते सिमेंटसाठी, धातूवर ते नुसतं घासून तापतं. हार्डवेअरच्या दुकानातून एचएसएसची, म्हणजे धातू कापायची बिटं आण, ३ मिमी दोन, ५ मिमी एक, ६.५ मिमी एक. ३ ची दोन कारण एक तू मोडणारच.

चावीच्या फटीकडे बघ. दात कुठल्या बाजूला येतात ते मोडक्या चावीच्या उरलेल्या अर्ध्यावरून कळेल, ज्या बाजूला दात त्या बाजूला पिना. बहुतेक वर असतील. बॅरलच्या तोंडाची गोल रेघ दिसते ना, फटीच्या बरोबर वर जिथे ती रेघ येते, तिला आतून चिकटून तुझा ठिपका. तिथे सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकच ठोका, खड्डा पडला पाहिजे. पंच नसेल तर काँक्रीटचा खिळा चालेल. खड्डा न पाडता बिट टेकवलंस तर ते निकेलवरून घसरून दाराच्या रंगावर नक्षी काढत जाईल, आणि ती नक्षी जन्मभर दिसते.

स्पीड कमी. ट्रिगर अर्धाच दाबायचा. धातूला जोर लागतो, वेग नाही. थेंबभर तेल टाकत राहा, खोबरेल पण चालतं, मी स्वतः वापरलंय, फक्त मग लॉकला चटणीचा वास येतो. बिट एकदम सरळ, खाली-वर नाही, बाजूला एकाला उभं कर आणि त्याला आडवं बघून सांगायला लाव. बिटाला टोकापासून साधारण इंचावर चिकटपट्टी गुंडाळ म्हणजे किती आत गेलास ते कळेल.

आता मजा इथे आहे. प्रत्येक पिनला बिट टेकलं की जरा अडखळल्यासारखं होतं, आणि पिन कापली की खटकन पुढे जातं. हाताला कळतं. मोजत जा, एक, दोन, तीन. चार-पाच झाले की संपलं. मध्ये दोनदा बिट बाहेर काढून किस झटक, सोन्यासारखा पिवळा किस येतोय म्हणजे पितळ कापलं जातंय, बरोबर चाललंय. पांढरट राखाडी किस येत असेल तर तू बॉडीत शिरलायस, थांब आणि कोन बघ. अजिबात किस येत नसेल, नुसती किंचाळी आणि बिटाचं टोक निळं पडलं, तर पुढे कडक पोलादाची पिन आहे किंवा तुझ्या भावाचा तुकडा आहे. तेव्हा जोर करू नकोस, ठिपका मिलिमीटरभर वर घे.

३ झालं की त्याच भोकातून ५. मग चपटा मोठा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून चावीसारखा फिरव. नाही फिरला तर ड्रायव्हरच्या मुठीवर हलकं ठोक, उरलेले तुकडे आणि स्प्रिंगा खाली पडतात. तरी नाही तर ६.५. बस, त्याच्यापुढे गरज पडू नये.

डोळ्याला चष्मा लाव, साधा नाही, कामाचा. हातमोजे घालू नकोस, फिरत्या बिटात मोजा गुंडाळला की बोट पण जातं. आणि दाराच्या फटीत आतून किस जाऊ नये म्हणून काही करता येत नाही, उघडल्यावर साड्या झटकायच्या आधी चुंबक नको फिरवत बसूस, पितळ चुंबकाला चिकटत नाही, मऊ ब्रशने काढ.

आतल्या तिजोरीला हात लावू नकोस. लिव्हरच्या लॉकला कुठे भोक पाडायचं हे ते लॉक उघडून बघितलेल्यालाच माहीत. चुकलास तर लिव्हर अशा अडकतात की मग चावीवाला पण हात टेकतो.

वकिलीणबाई_नाहीत_पण

सगळे लॉकवर बोलताय, मी माणसांवर बोलते. उघडणार कुणासमोर? आजीला किती मुलं? काका, आत्या सगळ्यांना बोलवा, निदान व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि ड्रिल सुरू करायच्या आधीपासून मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. आत काय काय निघालं त्याची वहीत यादी करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे माझ्या नवऱ्याने एकट्याने सासूबाईंची पेटी उघडली, चांगल्या मनाने, आत फक्त पितळी भांडी आणि फोटो होते. अकरा वर्षं झाली, अजून प्रत्येक लग्नात एक जाऊबाई विचारतात, "आणि पाटल्या?"

कोरेगावचा_पोरगा

हाहा, आमच्या आत्याचा फोन कालच येऊन गेला, "मी आल्याशिवाय हात लावायचा नाही." शनिवारी सगळे जमतायत.

निवृत्त_लेजर

बँकेच्या लॉकरचा उल्लेख आला म्हणून लिहितो, ३४ वर्षं बँकेत होतो. कपाटात ती चावी सापडली तर उत्तमच. नाही सापडली तरी घाबरू नका आणि कृपा करून कुठल्याही चावीवाल्याकडून ती बनवून घ्यायचा विचार करू नका. बँकेचा लॉकर दोन चाव्यांनी उघडतो, एक ग्राहकाची, एक बँकेची. ग्राहकाची हरवली की दुसरी नसते, बँक डुप्लिकेट ठेवत नाही. लेखी कळवायचं, मग लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन तुमच्यासमोर ड्रिलने फोडतो, नवीन लॉक बसवतो, खर्च तुमच्याकडून. आजी गेल्या म्हटल्यावर त्याआधी नॉमिनीचं किंवा वारसांचं काम पूर्ण करावं लागेल. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचना आहेत, १ जानेवारी २०२२ पासून लागू, त्यात हे सगळं आहे. लोकांना त्यातलं वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाईचं तेवढं लक्षात राहतं, पण ती आग, चोरी, इमारत पडणं, बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली लबाडी अशासाठी. चावी तुम्ही हरवलीत तर ती नाही.

नाना_५८

माझं ऐकलं असतं तर आतापर्यंत उघडलं असतं.

कोरेगावचा_पोरगा

अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल माफी.

शनिवारी अकरा वाजता सुरू करायचं ठरलं आणि अकरा वाजताच लाइट गेली. गाव आहे. दोन वाजता आली. तोपर्यंत आत्या, दोन्ही काका, शेजारचे दोन आणि एक कुत्रा असे सगळे खोलीत बसलेले, आणि काकूने मधे दोनदा चहा केला. सेंटर पंच काकांच्या ट्रॅक्टरच्या पेटीत सापडला. पहिलं ३ चं बिट तिसऱ्या मिनिटाला मोडलं, टूलरूमवाले काका तुमची वाणी खरी. मी नकळत जोर करत होतो. मग धाकटा काका म्हणाला सरक, त्याने शांतपणे मारलं, बीपीची गोळी घेतलेला माणूस, हातच हलत नाही. पिवळा किस यायला लागला तेव्हा आत्या म्हणाली, "सोनं कापताय का रे?" आणि सगळे हसले, चार महिन्यांत पहिल्यांदाच.

ते खटकन पुढे जातं म्हणालात ना, ते चार वेळा झालं. पाचव्याला काही नाही. ५ चं मारलं, स्क्रू ड्रायव्हर घातला, फिरेना. मुठीवर ठोकलं तशी एक बारीकशी स्प्रिंग भोकातून उडून काकाच्या चहात पडली आणि बॅरल फिरला. चाळीस मिनिटं लागली सगळी मिळून. दार उघडल्यावर डांबरगोळ्यांचा जो वास आला त्यात कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

तिजोरीसाठी चावीवाला चारला आला. त्याने काय केलं ते बघण्यासारखं होतं. कोरी चावी घेतली, मेणबत्तीच्या काजळीत काळी केली, भोकात घालून हलकंच फिरवायचा प्रयत्न केला, बाहेर काढून उजेडात धरली. जिथे लिव्हर टेकली तिथे काजळी पुसून बारीक चमक दिसत होती, तेवढंच कानशीने दोन हात घासलं, परत काळी केली, परत घातली. असं किमान पंचवीस वेळा. बोलत काहीच नव्हता. शेवटच्या वेळी टक् झालं आणि म्हणाला, "उघडा तुम्ही, मी बघत नाही," आणि तोंड फिरवून दारात जाऊन उभा राहिला. आठशे रुपये घेतले. आत्याने हजार दिले.

आत सातबाराचे उतारे, पोस्टाची तीन पासबुकं (दोन बंद झालेली), आजोबांची पेन्शनची कागदं, एक ठुशी, आणि ती कुणाला द्यायची याची आजीच्या हातची चिठ्ठी. त्यामुळे वकिलीणबाई, तुमची यादी अर्ध्या पानात झाली, भांडणाला जागाच ठेवली नाही म्हातारीने.

टूलरूमवाला

झकास. धाकट्या काकांना माझा नमस्कार सांग, असा हात कंपनीत मिळत नाही. आता नवीन लॉक आणायला जाशील तेव्हा जुनं सोडवून बरोबर घेऊन जा, नुसता फोटो नको. दोन स्क्रूमधलं अंतर, बॉडीची जाडी आणि मागची जीभ कुठल्या बाजूला वळते हे तिन्ही जुळलं पाहिजे. आणि नवीन चावीवर नंबर ठोकलेला असेल, तो आजच वहीत उतरवून ठेव, कपाटात नाही.

स्मिता_ठाणे

वाचून इतकं बरं वाटलं. पण बँकेच्या लॉकरची चावी मिळाली का?

कोरेगावचा_पोरगा

तेच सांगायचं राहिलं. तिजोरीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला, गच्च चाव्यांनी भरलेला. मोजल्या, ३७. सायकलच्या, वाड्याच्या जुन्या टाळ्यांच्या, ट्रंकांच्या, एक तर आजोबांच्या स्कूटरची, ती विकूनच वीस वर्षं झाली. या कपाटाची एकही नाही. बँकेच्या वाटाव्यात अशा दोनच आहेत, दोन्हींवर काहीतरी कोरलंय पण झिजलंय.

निवृत्त_लेजर

खडू घासा वर आणि मग बोटाने पुसा. कोरलेल्या जागेत पांढरं राहतं, वाचता येईल. बँक किंवा शाखेचा कोड असेल तर प्रश्न मिटला, जुन्या चावीवर नुसता नंबर असतो. तसं असेल तर दोन्ही घेऊन शाखेत जा, त्यांच्या रजिस्टरला आजींच्या नावापुढे चावीचा नंबर लिहिलेला असतो.

कोरेगावचा_पोरगा

एकीवर २१४ वाचता आलं. दुसरीवर खडू बसतच नाहीये, तेलकट आहे, खोबरेल लागलंय बहुतेक काल. रॉकेलने पुसून परत बघतो.